वीज सोमवारी पडली, गाव गुरुवारी जळलं

१४ जुलै २०१४, सोमवार. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, पॅसिफिक किनाऱ्यावरचं राज्य) मेटहाउ नावाच्या नदीच्या खोऱ्यावर ढग आले, गडगडाट झाला, विजा कोसळल्या. पाऊस मात्र नावालाच. डोंगरउतारांवर चार ठिकाणी आगी लागल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक आगीला आसपासच्या जागेवरून नाव मिळालं: स्टोक्स, गोल्ड हाइक, फ्रेंच क्रीक आणि कूगर फ्लॅट.

१७ जुलै, गुरुवार. जोराचा वारा सुटला आणि या चार आगी फुगून एकमेकींत मिसळायला लागल्या. त्या एका दुपारी आणि रात्रीत लाखाहून जास्त एकर जळून गेले. नदीच्या मुखाशी असलेलं पटेरोस हे जेमतेम साडेसहाशे वस्तीचं गाव त्या रात्री रिकामं करावं लागलं, आणि गावातली नि आसपासची शंभराच्या घरातली घरं सकाळपर्यंत राहिली नव्हती. या एकत्रित वणव्याला पुढे ‘कार्लटन कॉम्प्लेक्स’ हे नाव पडलं. एकूण २,५६,१०८ एकर, म्हणजे साधारण १,०३६ चौरस किलोमीटर जळले. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीहून जास्त. तीनशेहून अधिक घरं गेली.

सरकारी कागदावर या आगीचं कारण एका शब्दात लिहिलेलं आहे: वीज.

माझ्या पीएचडीचा विषय वणव्यांचा इतिहास आहे असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, ‘यात इतिहास काय? वीज पडली, आग लागली, विझली. हे तर निसर्गाचं काम.’ प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आणि मुद्दामच असा वणवा घेतो ज्यात आग लावणारा माणूस कुणीच नाही. शेकोटी नाही, विडीचं थोटूक नाही, कुणी पेटवून दिलं असा संशयही नाही. म्हणजे इतिहासकाराला सगळ्यात कमी वाव असलेलं उदाहरण!

आपल्याकडे संकटांची एक जुनी विभागणी आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून येतं ते सुलतानी. दुष्काळ अस्मानी, जुलमी सारा सुलतानी. या हिशेबाने विजेचा वणवा हा अस्मानीचा अगदी आदर्श नमुना म्हणायला हवा. पण वीज सोमवारी पडली आणि गाव गुरुवारी जळलं. मधले तीन दिवस, आधीची सव्वाशे वर्षं आणि नंतरचे काही महिने यांचा हिशेब मांडला की ही विभागणी टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही कोरडी वीज समजून घेऊ

मराठी वाचकाला विजेने लागलेला वणवा थोडा अनोळखी वाटणार. आपल्याकडे विजा सगळ्यात जास्त कडाडतात त्या वळवाच्या दिवसांत, आणि वळीव सहसा पाणी घेऊनच येतो. ठिणगी पडली तरी सरीत विझते. सह्याद्रीत किंवा विदर्भात फेब्रुवारी ते मे या काळात जे वणवे लागतात, ते बहुतेक माणसाच्या हातून लागतात.

अमेरिकेच्या पश्चिमेत ऋतूंची मांडणी उलटी आहे. तिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. जुलैत ढग येतात, पण ढगाखालची हवा इतकी कोरडी असते की पावसाचे थेंब जमिनीवर पोचण्याआधीच हवेत विरून जातात. वीज तेवढी खाली येते. अशी वीज एखाद्या जुन्या झाडात शिरली की बुंध्यात किंवा मुळांत दिवसचे दिवस धुमसत राहू शकते. वरून काहीच दिसत नाही. मग वारा सुटतो.

मेटहाउचं खोरं कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. आपला घाट उतरून माणदेशात यावं तसं. वरच्या उतारांवर पाइनचं जंगल, खाली गवत आणि झुडपांची कोरडी माळरानं, आणि नदीकाठी पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या सफरचंद-चेरीच्या बागा. हे सगळं ओकानोगन नावाच्या काउंटीत येतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ही काउंटी सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी आहे, पण २०१०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या होती फक्त ४१ हजार. साताऱ्याची तीस लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधले तीन दिवस

सोमवार ते गुरुवार या काळात नेमकं काय झालं, हा त्या खोऱ्यातला आजही दुखरा प्रश्न आहे. आगी लहान असताना विझवल्या का नाहीत?

एक उत्तर साधनांचं आहे. त्या आठवड्यात फक्त हे खोरं पेटलेलं नव्हतं. दक्षिणेला एंटियाटजवळ मिल्स कॅन्यनची आग आधीपासून धुमसत होती, लेव्हनवर्थजवळ नवी आग लागली होती, शेजारच्या ओरेगन राज्यातही तीच गत. विमानं, हेलिकॉप्टर, माणसं सगळीकडे वाटली गेलेली.

दुसरं उत्तर जमिनीच्या मालकीचं आहे. नकाशा पाहिला तर हा भाग गोधडीसारखा दिसतो: एक तुकडा केंद्र सरकारच्या वनाचा, एक राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, एक खासगी रँचचा. प्रत्येक तुकड्यावर आग विझवण्याची जबाबदारी वेगळ्या यंत्रणेची. घरं वाचवायची ती स्थानिक अग्निशमन दलाने, आणि खेड्यांत या दलातली बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात. दिवसा बागेत किंवा दुकानात काम करायचं, पेजर वाजला की बंबावर. आग मात्र सातबारा बघून थांबत नाही.

शेतकऱ्यांचा राग या दुसऱ्या उत्तरावर होता. ‘आमच्याकडे बुलडोझर होते, पाण्याचे टँकर होते, उतारांची माहिती होती, आम्हाला विचारलं का नाही?’ असा त्यांचा सूर. पुढे अनेक जमीनमालक राज्याविरुद्ध कोर्टातही गेले. खात्यांची बाजूही ऐकायला हवी: प्रशिक्षण नसलेला माणूस जळत्या उतारावर पाठवला आणि तो दगावला, तर जबाबदार कोण? दोन्हीकडे तथ्य आहे. पण एवढं बघा, की आपण अजून विजेबद्दल एक शब्दही बोललेलो नाही. चर्चा चालली आहे ती खाती, हद्दी आणि अधिकार यांची.

गुरुवारी कोरडा वारा येणार हा हवामान खात्याचा इशारा होता. तो आला. ब्रूस्टर या शेजारच्या गावातलं रुग्णालय रिकामं करावं लागलं. शेरीफचे लोक दारोदार जाऊन माणसांना बाहेर काढत होते. ब्रूस्टरच्या कडेला फळबागांच्या मालकांनी स्वतःचे बुलडोझर लावून जाळरेषा काढल्या. पाण्याखालच्या हिरव्या बागांनी बऱ्याच ठिकाणी आग अडवली, आणि बागेपलीकडचं कोरडं गवत मात्र क्षणात गेलं.

इतक्या मोठ्या आगीत ज्वाळांत सापडून कुणी गेलं नाही. आपलं घर वाचवायला झटणाऱ्या एका माणसाचा मात्र हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. जीवितहानी इतकी कमी राहिली याचं मोठं श्रेय शेजाऱ्यांना उठवत, बैलघोडे ट्रेलरमध्ये भरत, फोन करत सुटलेल्या साध्या माणसांना आहे.

आधीची सव्वाशे वर्षं

आता मागे जाऊ. आग लागायला ठिणगी लागते तसं सरपणही लागतं. ठिणगी अस्मानी होती. सरपण कुठून आलं?

मेटहाउ हे मुळात तिथल्या आदिवासी लोकांचं नाव. कोलंबिया नदीच्या पठारावरच्या इतर जमातींप्रमाणे तेही जमीन जाणूनबुजून जाळत: कंदमुळं आणि बेरी नीट याव्यात म्हणून, कोवळं गवत फुटावं म्हणून, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून. विजेच्या आगी होत्याच, त्यात माणसाच्या या लहान लहान आगींची भर. पाँडेरोसा पाइनच्या जुन्या खोडांचा आडवा छेद घेतला की वाढीच्या वलयांमध्ये आगीचे काळे व्रण दिसतात. ते मोजून संशोधकांनी दाखवलं आहे की या कोरड्या जंगलांतून पूर्वी काही वर्षांच्या, फार तर दोन-अडीच दशकांच्या अंतराने आग फिरत असे. पण ती जमिनीलगतची आग. पालापाचोळा आणि रोपटी खाऊन जायची, जाड सालीचे मोठे वृक्ष उभेच राहायचे.

१८७९ मध्ये या भागात आदिवासींसाठी राखीव प्रदेश जाहीर झाला. लगेच खाणवाल्यांचा आणि वसाहतवाल्यांचा दबाव सुरू झाला, आणि १८८६ पर्यंत तो सगळा प्रदेश काढून घेऊन गोऱ्या वसाहतींसाठी खुला केला गेला. मेटहाउ लोकांपैकी अनेकांना पूर्वेकडच्या कोलव्हिल राखीव प्रदेशात जावं लागलं. जमीन जाळणारे हात गेले. १८९७ मध्ये वरच्या डोंगरांचं सरकारी राखीव वन झालं.

इथे आपला एक धागा जोडला जातो. अमेरिकेची केंद्रीय वनसेवा १९०५ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो. तरुणपणी ते युरोपात वनशास्त्र शिकायला गेले तेव्हा त्यांना ज्यांनी मार्ग दाखवला, ते डीट्रिख ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल. हिंदुस्थानात १८६०च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात वणवे पूर्ण बंद ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला होता, आणि तो यशस्वी मानून पुढे इतरत्र नेला गेला. नागपूर हे याच मध्य प्रांताचं मुख्य ठाणं. आग म्हणजे अडाणी लोकांची खोड, शास्त्रीय वनव्यवस्थापन म्हणजे आगीपासून संरक्षण, हा विचार त्या काळात साऱ्या जगातल्या वनखात्यांत पसरत होता. गोंड, कोरकू आणि मेटहाउ यांची कधी गाठ पडली नाही, पण त्यांच्या आगींवर आलेली बंदी एकाच घराण्यातली होती.

मग आला १९१०. २० आणि २१ ऑगस्टला आयडाहो आणि मोंटाना राज्यांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं आणि किमान ८५ माणसं मेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेले. वनसेवा तेव्हा पाच वर्षांची होती. या धक्क्यातून तिने धडा घेतला की प्रत्येक आग विझवायचीच. १९३५ मध्ये नियमच झाला: कुठेही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हे धोरण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं.

पण डोंगरात, रस्ता नसलेल्या जागी वीज पडली तर दहाच्या आत पोचायचं कसं? त्यावर उपाय निघाला विमानातून पॅराशूटने उड्या मारणाऱ्या अग्निशामकांचा. १९३९ मध्ये या उड्यांचे पहिले प्रयोग कुठे झाले माहितेय? विन्थ्रॉपला. याच मेटहाउ खोऱ्यात. विजेच्या आगीला जन्मतःच गाठून मारण्याचं तंत्र ज्या खोऱ्यात जन्मलं, तेच खोरं पंचाहत्तर वर्षांनी विजेच्या आगीत जळलं.

आता ही गोष्ट इथे संपवली तर फार सुबक होईल: आग दाबली, सरपण साचलं, भडका उडाला. वर्तमानपत्रांत बऱ्याचदा एवढंच येतं. पण कार्लटन कॉम्प्लेक्सला हे उत्तर अर्धवटच लागू पडतं. कारण त्यातला मोठा भाग दाट जंगलाचा नव्हताच, गवताचा आणि झुडपांचा होता. गवत शंभर वर्षं साचत नाही, ते दरवर्षी नव्याने उगवतं. इथे वेगळा इतिहास लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरेशियातून चीटग्रास नावाचं एक गवत धान्यात मिसळून, गुरांबरोबर, रेल्वेबरोबर अमेरिकेच्या पश्चिमेत शिरलं. जास्त चराईने मूळचं गवत जिथे उघडं पडलं, तिथे याने जम बसवला. ते लवकर हिरवं होतं आणि लवकर वाळतं, त्यामुळे ऐन वणव्याच्या दिवसांत माळ कागदासारखा कोरडा असतो. आग गेली की सगळ्यात आधी पुन्हा तेच उगवतं. गाजरगवत आठवलं ना? साधारण तशीच कथा, फक्त हे जळतं.

शिवाय वाऱ्याला कमी लेखू नका. १९०२ मध्ये याच राज्याच्या दक्षिणेला याकोल्टचा वणवा लागला होता. २,३८,९२० एकर जळले, ३८ माणसं मेली. तेव्हा ना वनसेवा होती, ना दहाच्या आतचा नियम. म्हणजे कोरडा ऋतू आणि उलटा वारा एकत्र आले तर मोठे वणवे पूर्वीही होत. कार्लटनने मोडला तो याच याकोल्टचा विक्रम.

मग फरक कुठे पडला? बऱ्याच अंशी, घरं कुठे होती यात. १९७२ मध्ये कॅस्केड ओलांडणारा नवा हायवे खुला झाला आणि सिएटलच्या बाजूची माणसं मोटारीने थेट या खोऱ्यात येऊ लागली. लाकूड आणि गुरं यांच्यावर जगणाऱ्या विन्थ्रॉपने त्याच सुमारास दुकानांना जुन्या वेस्टर्न सिनेमासारखं रूप दिलं. पर्यटक आले, मग उतारांवर सुट्टीतली घरं आली. त्यांच्या आसपास, स्वस्त जमिनीवर, गरीब माणसांची साधी घरंही आली. एक अरुंद रस्ता, भोवती कोरडं गवत, पाणी स्वतःच्या बोअरचं. वीज शतकानुशतकं याच उतारांवर पडत होती. खाली घर नव्हतं.

नंतरचे महिने

आग जाते तेव्हा कॅमेरेही जातात. पण खेड्यांचं खरं नुकसान समजून घ्यायचं तर इथून पुढेच बघावं लागतं.

पहिली गेली ती वीज, म्हणजे तारांतली. खांब मैलोन्‌मैल जळाले. खोऱ्यातल्या अनेक भागांत आठवडाभर, काही ठिकाणी त्याहून जास्त दिवस वीज नव्हती. शहरात वीज गेली तर दिवे जातात. इथे वीज गेली की बोअरचा पंप बंद, म्हणजे पाणी बंद. फोन आणि इंटरनेट बंद, म्हणजे आग कुठवर आली ते कळणं बंद. फ्रीजरमधलं वर्षाचं मांस खराब.

जनावरांचं नुकसान शेकड्यांत होतं. जी गुरं वाचली त्यांना चारा नव्हता, आणि माळावरचं कुंपण जळून गेलेलं. तारेचं कुंपण हे शहरी माणसाला किरकोळ वाटेल, पण मैलभर कुंपण नव्याने घालणं म्हणजे हजारो डॉलर, आणि असे शेकडो मैल गेले होते. जळलेल्या सरकारी कुरणांवर गवताला पुन्हा जोर धरू द्यायचा म्हणून चराई थांबवावी लागते, म्हणजे पुढचे हंगामही हातचे गेले.

बागांमधून राबणारे बरेचसे मजूर मेक्सिकोतून आलेले, स्पॅनिश बोलणारे. घर सोडा, कुठल्या रस्त्याने जा, या सूचना मात्र प्रामुख्याने इंग्रजीत होत्या. ऊसतोडीच्या फडावर परराज्यातली टोळी असावी आणि पुराचा इशारा फक्त मराठीत दिला जावा, तसं. या अनुभवाचा जोर लावून लोकांनी पाठपुरावा केला, आणि २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने आपत्तीच्या सूचना लोकांच्या भाषेत पोचवण्याची सोय आराखड्यात असलीच पाहिजे असा कायदा केला.

आणि मग मदत. ऑगस्ट २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मोठी आपत्ती जाहीर केली. त्यातून रस्ते, विजेचे खांब, सार्वजनिक इमारती यांच्या दुरुस्तीला केंद्राचे पैसे मिळाले. पण ज्यांची घरं जळली, त्या कुटुंबांना थेट मिळणारी मदत केंद्रीय आपत्ती यंत्रणेने नाकारली. राज्यपाल जे इन्स्ली यांनी फेरविचाराची मागणी केली, तीही नाकारली गेली. एकूण सूर असा, की कुटुंबांचं नुकसान केंद्राने हात घालावा इतक्या प्रमाणाचं नाही.

आता मघाचा आकडा आठवा. साताऱ्याएवढा प्रदेश आणि ४१ हजार माणसं. मोठ्या शहराजवळ तीनशे घरं जळणं ही एका वस्तीची दुर्घटना असेल, पण इथे तीनशे घरं म्हणजे खोऱ्याचा कणा. अनेकांचा विमा नव्हता, कित्येकांचा अपुरा होता. पंचनाम्याची मोजपट्टी शहराच्या मापाने बनवलेली असली की विरळ वस्तीचं दुःख तिच्यावर उमटतच नाही. यात दुष्टपणा कुणाचाच नाही, आणि म्हणूनच ते दिसायला अवघड. या अर्थाने ते ‘सुलतानी’ आहे, सुलतान नसतानाही.

पोकळी भरून काढली ती गावकऱ्यांनीच. दीर्घकालीन पुनर्वसनासाठी स्थानिक गट उभा राहिला, देणग्या जमल्या, आणि मेनोनाइट पंथाचे स्वयंसेवक दूरदूरच्या राज्यांतून हातोडे घेऊन आले आणि विमा नसलेल्या कुटुंबांची घरं बांधून देऊ लागले. पटेरोसला हे पुन्हा उभं राहणं तसं नवं नव्हतं. १९६७ मध्ये कोलंबिया नदीवर वेल्स धरण पूर्ण झालं तेव्हा नदीकाठचा जुना बाजार पाण्याखाली जाणार म्हणून हलवावा लागला होता. एकदा पाण्याने, एकदा आगीने.

तेवढ्यात पाणी परत आलंच. २१ ऑगस्टला, आगीनंतर पाच आठवड्यांनी, जळालेल्या डोंगरांवर जोराचा पाऊस कोसळला. फार तापलेल्या मातीत एक विचित्र गोष्ट होते: जळणाऱ्या झाडाझुडपांतले मेणचट पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि थंड झाल्यावर मातीच्या कणांवर त्यांचा थर बसतो. मग पाणी मुरत नाही, पत्र्यावरून वाहावं तसं वाहतं. बेन्सन क्रीक नावाच्या ओढ्यावरचे लहान मातीचे बांध फुटले, चिखलाचे लोंढे रस्त्यांवर आले, आगीतून वाचलेली काही घरं चिखलात गेली. ज्या पावसाची जुलैत सगळे वाट बघत होते, तो ऑगस्टमध्ये असा आला.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, याच काउंटीत पुन्हा विजा पडल्या. ‘ओकानोगन कॉम्प्लेक्स’ मिळून तीन लाख एकरांच्या वर गेलं. त्याच सुमारास ट्विस्प गावाजवळच्या आगीत तीन अग्निशामक मृत्युमुखी पडले. ती आग मात्र आभाळातल्या विजेने लागलेली नव्हती. झाडाची फांदी विजेच्या तारेला लागली होती.

तर मग कारण काय लिहायचं?

‘वीज’ हे उत्तर खोटं नाही. पण ते फक्त सोमवारचं उत्तर आहे. गुरुवारचं उत्तर द्यायला जमिनीची गोधडी, हिरावून घेतलेला राखीव प्रदेश, दहाच्या आतचा नियम, बाहेरून आलेलं गवत, १९७२चा हायवे आणि जुलैचा वारा इतकं सगळं लागतं. आणि विमा नसलेल्या माणसाच्या डोक्यावर पुढच्या हिवाळ्यात छप्पर का नव्हतं, याचं उत्तर द्यायला मोजपट्ट्या आणि फॉर्म लागतात.

हा शब्दांचा खेळ नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं जातं त्यावर पैसे ठरतात, जबाबदारी ठरते, पुढच्या वेळची तयारी ठरते. आपल्याकडेही हे नवं नाही. वीज पडून माणूस किंवा बैल दगावला तर महाराष्ट्रात ती नैसर्गिक आपत्ती धरून मदत मिळते, पण त्यासाठी पंचनाम्यात मृत्यू विजेनेच झाला असं यावं लागतं. तो माणूस भर वादळात शेतात का होता, जवळ पक्का निवारा का नव्हता, इशारा त्याच्यापर्यंत पोचला होता का, यासाठी रकाना नाही.

अस्मानी आणि सुलतानी ही जोडी आपल्या पूर्वजांनी एका दमात उच्चारली आहे, याचं मला अलीकडे फार कौतुक वाटतं. दुष्काळात पाऊस गेला हे जितकं खरं, तितकंच कोठार रिकामं होतं हेही खरं, आणि शेतकरी मरायचा तो दोन्ही एकदम आल्यामुळे, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. आपण आता ते दोन शब्द वेगळे करून एक निसर्गाकडे आणि दुसरा राजकारणाकडे देऊन टाकला आहे. पुढच्या वेळी ‘विजेने वणवा’ किंवा ‘ढगफुटीने पूर’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढंच विचारून बघा: वीज कधी पडली, आणि गाव कधी जळलं?